वीस मिनिटांचा हिशेब

पित्ताशयातल्या खड्यांचं दुर्बिणीचं ऑपरेशन आता इतकं सर्रास झालंय, की ते करून आलेल्या माणसाला भेटायला छत्तीसगढमधल्या आमच्या चरोद्यात कुणी मुद्दाम फळं घेऊन जात नाही. पोटावर चार छोटी भोकं, दोन-तीन दिवसांत घरी, टाके निघाले की माणूस भाजीबाजारात दिसतो. माझ्या बायकोचंही तसंच झालं. टाके कोरडे निघाले, जखमा भरल्या, डॉक्टरांनी हसून निरोप दिला आणि फाइल कपाटात गेली.

दीडेक महिन्याने बेंबीजवळच्या वणाखाली तिच्या हाताला गाठ लागली. दुखत नव्हती, ताप नव्हता. हळूहळू गाठीवरची कातडी जांभळट झाली आणि तिथून पाण्यासारखा पातळ पू येऊ लागला. मग बरगडीखालच्या दुसऱ्या भोकाशी तेच. जिथे ऑपरेशन झालं तिथे नेलं. अँटिबायोटिक मिळालं, गाठ थोडी बसली, गोळ्या संपल्या तशी पुन्हा उठली. औषध बदललं, तरी तेच. ‘‘शुगर आहे का?’’ नव्हती. ‘‘दोरा मानवला नसेल.’’ आतला दोरा तर कधीच विरघळला होता. पू तपासायला दिला, तर दोन दिवसांत रिपोर्ट आला की जंतू वाढले नाहीत. दुसऱ्या एका डॉक्टरांना काचेवरच्या पुवात टीबीसारखे जंतू दिसले आणि ते टीबीच्या गोळ्या सुरू करायला निघाले. तेव्हा माझा मेहुणा म्हणाला, ‘‘भाऊजी, ताईला घेऊन नागपूरला या.’’ इकडची मराठी घरं अजूनही अडलं की नागपूरची गाडी धरतात.

नागपुरात मायक्रोबायोलॉजीच्या मॅडमनी गाठीकडे पाहिलं आणि आजाराबद्दल काही विचारण्याआधी दुसरंच विचारलं. ‘‘ऑपरेशन दुर्बिणीचं ना? त्या दिवशी तिथे अशी आणखी किती झाली?’’

बायकोला आठवत होतं. शनिवार होता. बाहेरून येणारे सर्जन त्या नर्सिंग होममध्ये शनिवारीच येत, आणि त्या दिवशी सात जण रांगेत होते. तिचा नंबर पाचवा होता.

पुवात जे सापडलं ते टीबीच्याच कुळातले, पण टीबी न करणारे जंतू होते. इंग्रजी आद्याक्षरांनी त्यांना एनटीएम म्हणतात. ते मातीत असतात, नळाच्या पाण्यात असतात, टाकीच्या आणि पाइपच्या आतल्या बुळबुळीत थरात मजेत राहतात. अंगावर मेणचट आवरण असल्यामुळे क्लोरिनला सहसा दाद देत नाहीत. आपण ते रोज पितो आणि काही होत नाही. मात्र हत्याराबरोबर पोटाच्या भिंतीत शिरले, की आठवडे-महिने दबा धरून बसतात. साधी लॅब जंतूंची थाळी दोन दिवस पाहून टाकून देते. यांना वाढायला बहुधा त्याहून जास्त दिवस लागतात, म्हणून तो पहिला रिपोर्ट कोरा आला होता. नेहमीचं अँटिबायोटिक यांच्यावर चालत नाही आणि टीबीच्या नेहमीच्या गोळ्याही फारशा चालत नाहीत. उपचार म्हणजे क्लॅरिथ्रोमायसिन आणि जोडीला दुसरं औषध, तेही महिनोन्‌महिने. तोंडाला सतत धातूसारखी कडू चव. वरणसुद्धा लोखंडात उकळल्यासारखं लागतं, असं ती म्हणायची. काही दिवस ॲमिकॅसिनची इंजेक्शनं झाली, त्यासाठी मूत्रपिंडावर आणि कानांवर लक्ष ठेवावं लागलं. बेंबीजवळची गाठ शेवटी कापूनच काढली. खड्यांनी जेवढं छळलं नव्हतं, तेवढं त्यांच्या ऑपरेशनने छळलं.

आता ती बरी आहे. पुढचं लिहितोय ते जे अजून टेबलावर चढायचे आहेत त्यांच्यासाठी.

रुग्णाच्या शरीराला लागणाऱ्या वस्तूंची तीन गटांत वाटणी अमेरिकेतल्या अर्ल स्पॉल्डिंग नावाच्या जंतुशास्त्रज्ञाने केली आणि १९६८ पासून जगभर तीच धरली जाते. बीपीचा पट्टा फक्त कातडीला लागतो, तो स्वच्छ पुसला तरी चालतो. घशातून किंवा गुदमार्गातून आत जाणारी एंडोस्कोपीची नळी आतल्या नाजूक अस्तराला लागते, तिच्यासाठी ताकदीचं जंतुनाशक रसायन हवं. आणि जे कातडी भेदून रक्तात, पोटाच्या पोकळीत, हाडात जातं, ते पूर्ण निर्जंतुक हवं. म्हणजे जंतूंची कवचबंद रूपं, ज्यांना बीजाणू म्हणतात, तीसुद्धा मेलेली हवीत. पित्ताशय काढणारी हत्यारं या तिसऱ्या गटात येतात. इथे ‘बऱ्यापैकी स्वच्छ’ असा दर्जाच नाही.

प्रत्यक्षात बऱ्याच छोट्या नर्सिंग होममध्ये काय चालतं ते मला पुढे ऑपरेशन थिएटरमध्ये वर्षानुवर्षं काम केलेल्या एका सिस्टरने सांगितलं. एक ऑपरेशन संपलं की हत्यारं नळाखाली धुवायची आणि एका लांबट ट्रेमध्ये हिरवट, डोळ्यांत झोंबणाऱ्या पाण्यात बुडवायची. हे ग्लुटराल्डिहाइड. दवाखान्यात त्याला सगळे सायडेक्स म्हणतात. वीस मिनिटांनी बाहेर काढायची, पाण्यातून खळबळायची, की पुढचा रुग्ण. गोम त्या वीस मिनिटांत आहे. या रसायनात तेवढा वेळ ठेवलेलं हत्यार फार तर दुसऱ्या गटाला चालेल इतकं शुद्ध होतं. बीजाणूंसकट निर्जंतुक व्हायला त्याला दहा तास बुडून राहावं लागतं. दोन रुग्णांच्या मध्ये दहा तास थांबणारं नर्सिंग होम मी अजून पाहिलेलं नाही.

आणि ती वीस मिनिटंही धड नसतात. दुर्बिणीची हत्यारं पोकळ असतात. लांब नळ्या, आत सरकणारी दांडी, टोकाला बारीक बिजागरी. ती सुटी करून, एन्झाइमच्या पाण्यात भिजवून, नळीच्या आत ब्रश फिरवून धुतली नाहीत तर रक्त आणि मांसाचे कण आतच राहतात. ग्लुटराल्डिहाइड असे कण विरघळवत नाही, उलट घट्ट बसवतं, आणि त्यांच्याआड जंतू सुखरूप राहतात. ट्रेमधलं द्रावण साधारण चौदा दिवस चालतं. पण ते रोज पातळ होत जातं आणि त्याची ताकद पट्टीने तपासायची असते हे कित्येक ठिकाणी माहीतच नसतं. शेवटी खळबळायला पाणी कुठलं घेता? गच्चीवरच्या टाकीचं घेतलं, तर जे मारायला एवढा खटाटोप केला तेच पुन्हा हत्याराला लावून दिलं. नागपूरच्या मॅडमचा संशय इथेच जास्त होता. टाकीत हे जंतू असणारच आणि हत्याराच्या ओल्या नळीतून ते थेट पोटात.

भरीस भर म्हणजे बाहेरून येणारे सर्जन पुष्कळदा आपली हत्यारं आपल्याच बॅगेत घेऊन फिरतात. सकाळी एका गावात, दुपारी दुसऱ्या. नर्सिंग होम म्हणतं हत्यारं त्यांची, सर्जन म्हणतात धुणं तुमच्या स्टाफचं. मधल्या मध्ये ती सिस्टर, धड मास्क नसताना त्या वाफेत उभी. तिच्यावर माझा राग नाही. एक सेट, सात रुग्ण आणि संध्याकाळची गाडी पकडायची घाई असलेले डॉक्टर, एवढं हातात दिल्यावर तिने दुसरं काय करायचं?

माझी सारी नोकरी चरोद्याच्या यार्डात गेली. रेल्वेच्या भाषेत बीएमवाय, भिलाई मार्शलिंग यार्ड. मी टीएक्सआर होतो, डबे तपासणारा. मालगाडी सुटण्याआधी ब्रेक पॉवर सर्टिफिकेट लागतं. किती डब्यांचे ब्रेक चालू आहेत ते त्यावर लिहायचं, सही करायची आणि कागद ड्रायव्हर-गार्डच्या हातात द्यायचा. कागद नसेल तर ड्रायव्हर गाडी हलवत नाही. त्याने कागद मागितला म्हणून ‘माझ्यावर विश्वास नाही का?’ असं म्हणत कुणी टीएक्सआर रुसलेला मला आठवत नाही. डॉक्टरांना हत्यारांबद्दल विचारायला आपण कचरतो, ‘देवमाणूस आहे, कसं विचारायचं?’ म्हणतो, तेव्हा मला हा कागद आठवतो.

असा कागद ऑपरेशन थिएटरमध्येही असतो, फक्त रुग्णाला तो कुणी दाखवत नाही. हत्यारांचं पुडकं वाफेच्या भट्टीतून, म्हणजे ऑटोक्लेव्हमधून निघालं, की त्यावरच्या चिकटपट्टीवर काळ्या रेघा उमटलेल्या असतात. त्या रेघा एवढंच सांगतात की पुडक्याला बाहेरून उष्णता लागली. वाफ आतपर्यंत पोचली का ते पुडक्याच्या पोटात ठेवलेली दुसरी पट्टी सांगते. पुडक्यावर तारीख आणि खेप लिहिलेली असते. आणि भट्टी खरंच मारते का हे बघायला ठरावीक काळाने तिच्यात मुद्दाम एक चिवट बीजाणू ठेवून तो जगतो की मरतो हे पाहतात. त्याचं नाव जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस. १२१ अंश आणि पंधरा पौंड दाब पुरेसा वेळ मिळाला तरच तो मरतो. चांगल्या हॉस्पिटलांत पुडक्यावरचं लेबल रुग्णाच्या फाइलमध्ये चिकटवतात. आमची फाइल मी पुन्हा काढून चाळली. बिलाची पानं पुष्कळ होती, असं लेबल एकही नव्हतं.

छत्तीसगढमध्ये राहणाऱ्याला असा विषय निघाला की बिलासपूर आठवतंच. ८ नोव्हेंबर २०१४. सकरी-पेंडारी इथलं नसबंदी शिबिर. एका सर्जनने काही तासांत ८३ बायकांची दुर्बिणीची ऑपरेशनं उरकली आणि पुढच्या दिवसांत त्यांतल्या बारा-तेरा जणी गेल्या. सरकारी नियम तेव्हाही स्पष्ट होता: एका दिवसात एका सर्जनने फार तर ३० ऑपरेशनं करायची, तीही तीन लॅपरोस्कोप हाताशी असतील तर, एकेकावर दहा. मृत्यू कशाने झाले यावर वाद झाला. शासनाने सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गोळ्यांत उंदराचं विष मिसळलं गेल्याचं सांगितलं, तर दुसऱ्या बाजूने जंतुसंसर्गाकडे बोट दाखवलं गेलं. तो वाद मी सोडवणार नाही. माझ्या डोक्यात ८३ चा आकडा राहिलाय. गोळ्या शंभर टक्के शुद्ध असत्या, तरी तेवढ्या वेळात तेवढी हत्यारं निर्जंतुक करता येतच नाहीत. हे कळायला डॉक्टर असावं लागत नाही. आणि त्याच वर्षी जानेवारीत त्या सर्जनचा पन्नास हजार नसबंदी केल्याबद्दल सत्कार झाला होता. बक्षीस आकड्याला होतं. सप्टेंबर २०१६ मध्ये देविका बिस्वास यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करायला सांगितलं.

त्याआधी २०११ मध्ये बालोदला मोतीबिंदूच्या शिबिरानंतर कितीतरी म्हाताऱ्यांची दृष्टी गेली. बालोद तेव्हा आमच्याच दुर्ग जिल्ह्यात होतं. इकडे लोक त्याला ‘अंखफोड़वा कांड’ म्हणतात. २०२४ च्या ऑक्टोबरात दंतेवाड्याच्या जिल्हा रुग्णालयात मोतीबिंदूच्याच ऑपरेशननंतर पुन्हा डोळ्यांत संसर्ग झाला आणि रुग्णांना रायपूरला हलवावं लागलं. शिबिर म्हटलं की मला आता फुकट या शब्दाआधी रांग दिसते.

ब्राझीलची गोष्ट मला नागपुरात कळली. तिथे २००० नंतरच्या दशकात माझ्या बायकोला झाला तशाच संसर्गाची साथ आली, दोन हजारांहून जास्त रुग्ण, बहुतेक दुर्बिणीच्या ऑपरेशननंतरचे. जंतूची ती जात ग्लुटराल्डिहाइडला सरावलेली निघाली. २००९ मध्ये तिथल्या आरोग्य नियंत्रकाने दुर्बिणीची हत्यारं रसायनात बुडवून निर्जंतुक करण्यावर सरळ बंदी घातली. आपल्याकडे ट्रे अजून आहे.

म्हणून ऑपरेशन ठरलं की हा हिशेब घालायचा: त्या दिवशी दुर्बिणीची किती ऑपरेशनं आहेत आणि हत्यारांचे सेट किती आहेत? धुणं, वाळवणं, बांधणं, भट्टीत घालणं आणि थंड होऊ देणं, सगळं नीट केलं तर एका सेटला पुन्हा तयार व्हायला दोन-तीन तास सहज लागतात. सात ऑपरेशनं, एक सेट आणि सकाळी नऊ ते दुपारी तीन, असं उत्तर आलं तर मधल्या वेळात ट्रेच आहे हे समजायचं. सेट लाखांच्या घरात जातो, म्हणून छोट्या जागी एकच असतो, हे मलाही कळतं. मग ऑपरेशनं दोन दिवसांत वाटावीत. ‘‘आमच्याकडे सगळं स्टराइल असतं’’ हे काही उत्तर नव्हे. ‘‘दोन केसच्या मध्ये हत्यारं कशात घालता?’’ असं विचारावं. वाफेची भट्टी किंवा प्लाझ्मा यांपैकी काही सांगितलं तर बरं. काही दुर्बिणींच्या काचेला वाफ चालत नाही, त्यांच्यासाठी प्लाझ्मा किंवा इथिलिन ऑक्साइड म्हणजे ईटीओ गॅस लागतो. पण गॅस लावलेली हत्यारं नंतर कित्येक तास हवेवर ठेवावी लागतात, म्हणून दोन केसच्या मध्ये ‘गॅस लावतो’ असं कुणी म्हणालं तर ती थाप आहे. फॉर्मलिनच्या गोळ्या टाकलेला काचेचा डबा दाखवला तर त्यावर अजिबात विसंबू नये. हत्यारं बाहेरून येणार असतील तर कोण आणतं आणि कुठे निर्जंतुक होतात, हे आधी विचारावं. टेबलावर झोपल्यावर विचारणं होत नाही.

एंडोस्कोपीच्या नळीला मात्र रसायन लावलं म्हणून घाबरू नये, ती दुसऱ्या गटातली आहे. तिथे विचारायचं ते ब्रशने धुण्याबद्दल आणि नळी कोरडी करण्याबद्दल. दाताच्या डॉक्टरांकडे हत्यारांचा सीलबंद पाऊच आपल्यासमोर फोडायला सांगावा. आणि हत्याराबरोबर पाण्याकडेही बघावं. तमिळनाडूत वाणियंबाडीच्या एका दंत दवाखान्याशी जोडलेल्या मेंदूच्या मेलिऑइडोसिसच्या, म्हणजे माती-पाण्यातल्या एका जंतूच्या संसर्गाच्या, साथीत आठ जण दगावले. तपासात दिसलं की सलाइनची बाटली हिरडी सोडवण्याच्या हत्यारानेच उघडली जायची, सैलसर झाकून ठेवली जायची आणि पुढच्या रुग्णांसाठी तीच वापरली जायची. डायलिसिसवाल्यांनी पुन्हा वापरायच्या डायलायझरवर आपलंच नाव आहे का, ते दर वेळी स्वतः वाचावं. ऑक्सिजन ओलसर करणाऱ्या बाटलीत नळाचं पाणी भरताना कुणी दिसलं तर लगेच बोलावं.

संसर्ग झालाच, तर वेळ ओळखण्यात जातो. ऑपरेशननंतर आठवडाभरात पू आला तर बहुधा नेहमीचे जंतू असतात आणि नेहमीच्या औषधाला दाद देतात. भरलेली जखम महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा उघडली, गाठी झाल्या, पातळ पू येत राहिला आणि दोन दोन कोर्स होऊनही थांबला नाही, तर डॉक्टरांना सरळ म्हणावं, ‘‘एनटीएमची तपासणी करू या.’’ पू नुसत्या कापसाच्या बोळ्यावर न देता सुईने ओढून किंवा गाठीचा तुकडा काढून द्यावा, थाळी जास्त दिवस ठेवायला सांगावी, आणि टीबीच्या गोळ्या सुरू करण्याआधी टीबीचे जंतू ओळखणारी जीनएक्स्पर्ट तपासणी करून घ्यावी. टीबी नसताना टीबीची औषधं घेण्यात नुसते महिने जातात.

ड्रेसिंगच्या रांगेत बायकोला त्याच शनिवारची आणखी एक बाई भेटली. तशाच गाठी, तोच जांभळा रंग. तिला सांगितलं होतं की तुमची कातडीच नाजूक आहे. माझ्या बायकोला दोरा मानवला नव्हता, तिची कातडी नाजूक होती. प्रत्येकीला वेगळं कारण आणि प्रत्येकी आपल्याच अंगाला दोष देत घरी बसलेली. दोघींचे कागद शेजारी ठेवले तेव्हा तारीख एकच निघाली. आम्ही नर्सिंग होमला लेखी कळवलं की त्या दिवशीच्या सगळ्यांना बोलावून तपासा. तोंडी सांगितलेलं हवेत जातं. त्यांनी दखल घेतली नसती, तर पुढची पायरी जिल्ह्याच्या मुख्य चिकित्सा व स्वास्थ्य अधिकाऱ्यांचं कार्यालय होती. छत्तीसगढमध्ये खाजगी दवाखान्यांच्या परवान्याचा कायदा २०१० चा आहे, बोलण्यात सगळे त्याला नर्सिंग होम ॲक्ट म्हणतात. तक्रारीला डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनची नोंद आणि पुवाचे सगळे रिपोर्ट लागतात, कोरे आलेले सुद्धा. ऑपरेशनची नोंद मागितल्याशिवाय मिळत नाही, ती घरी जायच्या दिवशीच मागून घ्यावी.

एक सोपा उपाय लोक एकमेकांना सांगतात: पहिला नंबर मागा, सकाळचा सेट भट्टीतून आलेला असतो. खरं आहे. आमच्या गल्लीतल्या एकाला हर्नियासाठी तसा पहिला नंबर मिळाला आणि तो खुश झाला. त्या दिवशी मी त्याच्यासोबत होतो. यादीत चौघे होते आणि सेट एक. चौथ्या नंबरवर देवबलोद्याची एक तरुण सून होती, तिचा नवरा बाकावर बसून तंबाखू मळत होता. मी त्याला हिशेब समजावला: किती केस, किती सेट, किती वेळ. तो काउंटरवर गेला, आवाज थोडा चढला, मग आतून सिस्टर बाहेर आली. बायकोची तारीख गुरुवारची करून, पहिला नंबर लिहून घेऊन तो परतला. तिसऱ्या नंबरवाल्याने तेवढ्यात मला विचारलं, ‘‘काका, काय म्हणाले आत?’’